ओल्या कचऱ्यासाठी मशीन नको, परिसर भगिनींना बोलवा (चेंबूर)

आमच्या सोसायटीत कचऱ्याचं खातं माझ्याकडे आहे. स्त्री मुक्ती संघटनेच्या 'परिसर विकास'च्या बायका, म्हणजेच परिसर भगिनी, आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं खत करतात, त्या कामाबद्दल लिहिते.

2 ऑक्टोबर 2017 पासून मुंबई महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. रोजचा 100 किलोच्या वर कचरा असला की नियम लागू. तेव्हा एका विक्रेत्याने आमच्या गळ्यात मशीन मारलं. म्हणे 24 तासांत खत! बाहेर पडायचा तो नुसता वाळवलेला करपट भुगा. कुंडीत पाणी घातलं की पुन्हा कुजायचा, वर बुरशी. वीजबिल वेगळंच.

परिसर विकासचं काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी सुरू झालं. कचऱ्याची पारख या बायकांना आधीपासून होतीच. प्रशिक्षणात खत करणं, बाग राखणं, बायोगॅस चालवणं आलं. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करायचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्रही त्यांना शिकवतात. आमच्याकडच्या मावशी पूर्वी देवनारच्या डम्पिंगवर वेचायच्या.

खताच्या टाकीत एकदा अळ्या वळवळताना दिसल्या आणि सगळ्या बिल्डिंगमधून फोन सुरू झाले. औषध फवारा म्हणून कमिटीही मागे लागली. मावशींनी ठाम नकार दिला. "ताई, औषध मारलं तर खत करणारे किडेपण मरतील. ह्या अळ्या कचरा खातात, माणसाला काही करत नाहीत." मग त्यांनी मिश्रण मुठीत घट्ट दाबून दाखवलं. बोटांतून पाणी ठिबकलं. म्हणजे ओल जास्त. लगेच लाकडाचा भुसा आणि सुका पाला घालून खालपासून वर सगळं परतलं, वरून भुशाचा थर दिला. वास गेला, अळ्याही कमी झाल्या. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये, हे आता आमचे वॉचमनही तपासतात.

तयार खत चाळून मिळतं. काळंभोर, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास. आमच्या जास्वंदीला तेच घालतो.

हे कुशल काम आहे, तेव्हा पैसेही तसेच द्या. झाडूवाल्याच्या पगारावर घासाघीस करतात तशी इथे करू नका. सेवा घेण्याआधी टाकीवर छप्पर, जवळ नळ आणि बायकांना कपडे बदलायला दार लागणारी खोली एवढं करून ठेवा. आणि ओल्याच्या डब्यात सॅनिटरी पॅड टाकणाऱ्या घरांना पहिल्याच आठवड्यात गाठून समजवा, कारण तो डबा उघड्या हातांनी नाही तरी माणसाच्याच हातांनी निवडला जातो.