आर्टिक्युलेट प्रेझेंटर: साधन चांगलं, फक्त पीपीटीए फाइल सांभाळा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सुरक्षेच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये तयार पडलेल्या असतात. त्यांनाच निवेदन आणि क्विझ जोडून एलएमएसवर (ऑनलाइन प्रशिक्षण चालवणाऱ्या प्रणालीवर) चढवायचं, तर आर्टिक्युलेट प्रेझेंटर सोयीचं आहे. पॉवरपॉइंटमध्येच एक टॅब वाढतो, नवं काही फारसं शिकावं लागत नाही. मॅकवर मात्र चालत नाही, विंडोजच लागतं.

तक्रार ठरलेली: पब्लिश केलं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात काढलं, आणि आवाज गेला, क्विझ गेली. यात पब्लिशचा दोष क्वचितच असतो. स्लाइड पीपीटीएक्स फाइलमध्ये राहतात. निवेदन, क्विझ वगैरे प्रेझेंटरने जोडलेलं सगळं शेजारच्या पीपीटीए फाइलमध्ये. दोन्हींचं नाव एक आणि फोल्डरही एकच हवं. अंबडहून कोणी पेन ड्राइव्हवर नुसती पीपीटीएक्स आणली की स्लाइड झाडून सगळ्या दिसतात, पण मुक्या. त्यात विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाच्या शेवटचा .pptx, .ppta हा भाग) लपवतं. एकाच नावाच्या दोन फाइली बघून कोणीतरी एक डुप्लिकेट समजून उडवतो. ही रचनाच या साधनाची सर्वांत कच्ची बाजू.

उपाय असा. पॉवरपॉइंट पूर्ण बंद करा. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमधून एक्स्टेन्शन दिसू द्या. मूळ मशीनवरची पीपीटीए आणून पीपीटीएक्सशेजारी ठेवा, नाव अक्षरन् अक्षर जुळवा, मग फाइल उघडा. तिथे त्याच नावाची रिकामी पीपीटीए तयार झाली असेल तर ती आधी बाजूला काढा. यापुढे फाइल पाठवताना दोन्हींची एकच झिप करा.

काम सी ड्राइव्हवरच करा, नेटवर्क ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर नको. फोल्डरात फोल्डर करत गेलात तर विंडोजची पाथची, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या पूर्ण पत्त्याची, २६० अक्षरांची मर्यादा ओलांडते आणि काही फाइली लिहिल्याच जात नाहीत. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, छोटं ठेवा. आवाज-व्हिडिओ आर्टिक्युलेट टॅबमधूनच घाला. पॉवरपॉइंटच्या इन्सर्टचा भरवसा धरू नका.

पब्लिश झालेली फाइल डबल-क्लिक करून तपासली तर ब्राउझर सुरक्षेपायी काही भाग अडवतो. म्हणून सर्व्हरवर चढवूनच पाहा, आणि एकटी एचटीएमएल न चढवता अख्खं फोल्डर चढवा. स्कॉर्मच्या (एलएमएसला वाचता येणाऱ्या कोर्सच्या प्रमाण स्वरूपाच्या) झिपमध्ये आयएमएसमॅनिफेस्ट.एक्सएमएल अगदी वरच्या पातळीवर लागते. बाहेरचं फोल्डरच झिप केलंत तर एलएमएसला ती सापडत नाही. एलएमएस एचटीटीपीएसवर आणि स्लाइडमधलं वेब ऑब्जेक्ट (आत बसवलेलं वेबपान) साध्या एचटीटीपीवर असेल तर तिथे कोरी चौकट दिसते. पहिल्याच स्लाइडला आवाज नसेल तर फाइल शोधत बसू नका: क्रोम २०१८ पासून क्लिकशिवाय आवाज सुरू होऊ देत नाही. सुरुवातीला एक 'सुरू करा' बटण ठेवलं की झालं. जुनंच दिसत राहिलं तर आधी कंट्रोल-एफ५.

मराठी स्लाइडचं दुखणं वेगळं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर निरर्थक रोमन अक्षरं होऊन बसतो. नुसता फॉन्ट बदलून तो सुधारत नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग मंगल किंवा निर्मला लावा, जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासा आणि त्यानंतरच निवेदनाला बसा.