इंटररेल पास : एका सत्राच्या सुट्ट्यांत वापरल्यानंतर

इंटररेल म्हणजे प्रवासाचे ठरलेले दिवस युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांत चालणारा एकच पास. वापर असा : मुक्काम जर्मनीत, हिवाळी सत्र. नाताळच्या सुट्टीत चार दिवसांचा ग्लोबल पास, सत्र संपल्यावर सात दिवसांचा. दोन्ही युवा दराचे, सेकंड क्लास, मोबाइलवरचे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर पास चांगला आहे, पण तो कुठे खर्च करायचा हे कळलं नाही तर सुटी (प्रत्येक प्रवासाची वेगळी) तिकिटं स्वस्त पडतात.

आधी पात्रता. १९७२ साली इंटररेल सुरू झालं तेव्हा ते फक्त २१ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी होतं. आता वयाची अट नाही, मात्र २७ वर्षांपर्यंत युवा दर लागतो. इंटररेल युरोपच्या रहिवाशांसाठी आणि युरेल हा तसाच पास बाहेरच्यांसाठी. इथे पासपोर्ट कुठल्या देशाचा ते बघत नाहीत, राहता कुठे ते बघतात. म्हणजे भारतीय पासपोर्ट आणि हातात जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर इंटररेलच घ्यायचा. पास खरेदी केल्यापासून ११ महिन्यांच्या आत कधीही सुरू करता येतो, त्यामुळे सवलत लागली की घेऊन ठेवावा. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात पूर्ण दरानं घेण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. चार दिवसांचा युवा पास साधारण २१० युरोंना पडतो, म्हणजे प्रवासाचा एक दिवस ५३ युरोंच्या आसपास. हा आकडा डोक्यात पक्का ठेवायचा. त्या दिवशीची सुटी तिकिटं याहून स्वस्त मिळत असतील तर पासला हात लावायचा नाही. फ्लोरेन्स-पिसा प्रादेशिक गाडीनं दहा युरोंच्या आत होतं. तिथे पासचा दिवस वापरणं म्हणजे पैसे पाण्यात. चेक, पोलंड, हंगेरीतल्या देशांतर्गत गाड्यांचंही बहुतेक तसंच.

पैसे खरे वसूल होतात ते स्वित्झर्लंडमध्ये. झ्युरिकहून कूरमार्गे तिरानोपर्यंतचं साधं एकेरी तिकीट शंभर फ्रँकच्या घरात जातं, आणि त्या दिवशी रात्री बारापर्यंत पासवर हव्या तेवढ्या गाड्या बदला. याच वाटेवरच्या बर्निना या डोंगरी रेल्वेमार्गावर एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. ‘बर्निना एक्सप्रेस’ या पर्यटक गाडीला पास चालतो, पण आरक्षण सक्तीचं आणि वेगळ्या पैशांचं. त्याच रुळांवरून, त्याच २,२५३ मीटर उंचीच्या ऑस्पित्सिओ बर्निना स्टेशनावरून साध्या प्रादेशिक गाड्या दिवसभर धावतात आणि त्यांना आरक्षण लागत नाही. वर त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. पर्यटक गाडीच्या बंद काचेत फोटोभर आपलंच प्रतिबिंब. सेंट मॉरित्झकडून तिरानोकडे जाताना उजवीकडे बसावं. ग्लेशियर एक्सप्रेस या दुसऱ्या पर्यटक गाडीलाही हाच तोडगा, फक्त गाड्या बदलाव्या लागतात. युंगफ्राउयोख या उंच डोंगरी स्टेशनाला मात्र पास पोचवत नाही. इंटरलाकेन ओस्टपर्यंत पूर्ण चालतो, त्यापुढे नुसती सवलत, आणि सवलतीनंतरही आकडा बघून घाम फुटतो.

जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स इथल्या बहुतेक गाड्यांत नुसतं चढून बसायचं. आयसीई आणि रेलजेट या वेगवान गाड्यांनाही आरक्षण ऐच्छिक आहे. तरी नाताळच्या आदल्या दोन-तीन दिवसांत ते करावंच, नाहीतर चार तास दोन डब्यांच्या मधल्या जागेत बॅगेवर बसून काढावे लागतात.

फ्रान्स, स्पेन, इटली इथे पासची मजा निम्म्यावर येते. पास भाडं भरतो, जागा देत नाही, आणि वेगवान गाड्यांत जागेशिवाय चढता येत नाही. फ्रान्सच्या आत टीजीव्हीचं आरक्षण १० ते २० युरो, इटलीत फ्रेच्चारोसाचं १३ च्या आसपास, पॅरिस-बार्सिलोना किंवा युरोस्टारचं तीस युरोंच्या पुढेमागे. पैशांपेक्षा त्रास कोट्याचा : टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात. गाडी अर्धी रिकामी असली तरी तो कोटा संपला की संपला. म्हणून आधी आरक्षण मिळतंय का बघा, मग हॉस्टेल ठरवा. बहुतेक जण उलट करतात आणि अडकतात. ऊईगो, इतालो आणि फ्लिक्सट्रेन या गाड्यांना पास चालतच नाही. पर्याय म्हणजे प्रादेशिक गाड्या : फ्रान्समध्ये टीईआर आणि इटलीत रेजोनाले. वेळ दुप्पट लागतो, पण बहुतेक ठिकाणी आरक्षणाची भानगड नाही.

राहत्या देशाचा नियम नीट वाचा. इंटररेलवर स्वतःच्या देशात फक्त दोन दिवस मिळतात : एक बाहेर पडायचा आणि एक परत यायचा. हे दिवस जास्तीचे नसतात, चार किंवा सातमधलेच असतात. इथे जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना एक चांगली सोय आहे. बऱ्याच विद्यापीठांत सत्रशुल्कातूनच डॉइचलांडटिकेट हे देशभर चालणारं तिकीट मिळतं, आणि ते प्रादेशिक गाड्यांनी थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या बाडिशर बानहोफ स्टेशनपर्यंत चालतं. तिथपर्यंत त्यावर जायचं, रात्री मुक्काम करायचा आणि पासचा दिवस सकाळी सीमेपलीकडून सुरू करायचा. चारपैकी एक-दोन दिवस असे सहज वाचतात.

रात्रीच्या गाडीचा नियम विद्यार्थ्यांच्या फायद्याचा आहे. गाडी सुटते त्या तारखेचा एकच दिवस धरला जातो, मग ती दुसऱ्या दिवशी सकाळी का पोचेना. अट एवढीच, की मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नाही. सकाळी उतरून पुढची लोकल पकडली तर दुसरा दिवस गेला. ते छोटं तिकीट सुटं काढावं. उलट मधल्या स्टेशनवरून साडेबाराला किंवा एकला चढलात तर नवीच तारीख लागते आणि उतरल्यावर तो दिवस रात्रीपर्यंत वापरता येतो. बर्थचे पैसे नाइटजेट या रात्रीच्या गाड्यांत वेगळे भरावे लागतात. बैठी जागा स्वस्त असते, पण सहा जणांच्या कप्प्यात ताठ बसून रात्र काढल्यावर पुढचा दिवस बाकावर झोपण्यात जातो. कूशेट, म्हणजे झोपायचा साधा बर्थ घ्यावा.

अ‍ॅपबद्दल तक्रार आहे. पास मोबाइलवर घेतला की प्रत्येक गाडी चढण्याआधी ‘रेल प्लॅनर’मध्ये जोडावी लागते, मगच क्यूआर कोड तयार होतो. गाडी सुटल्यावर जोडली तर टीसीच्या लेखी तुम्ही विनातिकीट. जोडलेली गाडी चुकली म्हणून दुसरीत चढताय? आधी ती दुसरी जोडा. शिवाय अ‍ॅपचं वेळापत्रक उशीर दाखवेलच असं नाही. गाडीची खरी स्थिती डीबी, ओबीबी किंवा एसबीबी (जर्मन, ऑस्ट्रियन आणि स्विस रेल्वे) यांच्या अ‍ॅपवर बघा. पॉवर बँक हवीच, कारण बॅटरी गेली की पासही गेला. टीसी कोडबरोबर पासपोर्ट मागतो.

कागदपत्रं मूळच हवीत, मोबाइलमधले फोटो चालत नाहीत. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली. साल्झबुर्गहून जर्मनीत शिरताना पोलीस डब्यात येतात, गाडी थांबून राहते आणि म्युनिकची दहा मिनिटांची जोडगाडी हातातून जाते. त्या दिशेला किमान पाऊण तास मोकळा ठेवा. राहत्या देशाच्या परमिटवर इतर शेंगेन (सामाईक व्हिसाच्या) देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. पास ३३ देशांत चालतो, पण ते सगळे शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा, आणि बाल्कन देशांत जाऊन परतायचं तर आपल्या व्हिसावर एकाहून जास्त प्रवेशांची मुभा आहे ना, ते तपासा.

परमिटचा आणखी एक उपयोग : पॅरिसचं लूव्हर संग्रहालय २६ वर्षांखालच्या युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या रहिवाशांना मोफत आहे, नागरिकत्वाची अट नाही. खिडकीवर कार्ड दाखवा. इटलीच्या सरकारी संग्रहालयांतलं दोन युरोंचं सवलतीचं तिकीट मात्र युरोपीय संघाच्या नागरिकांनाच, तिथे महिन्याचा पहिला, मोफतचा रविवार गाठावा.

मेट्रो, ट्राम, शहर बस पासमध्ये नाहीत. जर्मनीत डीबीची एस-बान (शहर-उपनगरांतली लोकल) मात्र पासमध्ये आहे. आणि ब्रिटनचा बेत असेल तर २५ डिसेंबरला तिथे गाड्याच धावत नाहीत, तो दिवस पासमध्ये धरू नका.