दारव्हा ते अंजनगाव, शकुंतलेच्या मार्गानं पण शकुंतलेविना : वापरानंतरचा अनुभव

पहिले हे सांगते की वेळ वाचवायचा असेल तं शकुंतलेपेक्षा, म्हणजे आमच्याकडच्या आता बंद पडलेल्या छोट्या रेल्वेपेक्षा, रस्त्यानं जाणंच बरं, त्यात वाद नाही. माझं सासर दारव्ह्याकडचं, माहेर अंजनगाव सुर्जीचं, अन बाबांना पॅरालिसिस झाला तेव्हापासून, म्हणजे पावसाळ्याच्या आधीपासून, माझं जाणंयेणं सारखं चालू आहे. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव. जे या भागात कधी आले नसतील त्यांच्यासाठी, हा जसाच्या तसा शकुंतलेचा मार्ग आहे, यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर अन मूर्तिजापूर ते अचलपूर 76, अडीच फुटाची नॅरोगेज. आता गाडी बंद, रूळ कुठं दिसतात कुठं बाभळीत गेले, अन आपण बस, काळीपिवळी जीप, ऑटो जे हाती लागेल ते धरून तेच अंतर तुकड्या तुकड्यात कापतो. इतक्या महिन्यांत जे समजलं ते लिहून ठेवते, कोणाच्या तरी कामी पडेल.

वेळेचं बघा. शकुंतलेला नुसत्या मूर्तिजापूर ते अचलपूरला चार तास लागायचे, यवतमाळच्या बाजूनं सहा-सात तास. आज सगळ्या जोडगाड्या नीट लागल्या तं मी सकाळी चहा घेऊन निघाली की दुपारच्या जेवणाला बाबांजवळ असते. शकुंतलेनं हे कधीच जमलं नसतं. पण जोडगाड्या लागल्या तं, हे महत्त्वाचं. एक गाडी दहा मिनिटं उशिरा आली की पुढची निघून जाते अन मंग स्टँडवर बसा दीड तास, सोबत आजारी माणूस असेल किंवा लहान लेकरू असेल तं तो दीड तास लय जड जाते. रेल्वेत निदान मूर्तिजापूरला एकाच स्टेशनात उतरायचं अन तिथंच दुसऱ्या नॅरोगेज गाडीत बसायचं असं होतं, अन नागपूर-मुंबईची मोठी लाईन शेजारीच.

पैशाचं म्हणाल तं बसमध्ये बायांना अर्धं तिकीट झालं, 17 मार्च 2023 पासून, हे खरंच मोठं काम झालं. सासूबाई आधी माझ्यासोबत यायचं म्हटलं की तिकिटाचा हिशोब करत बसायच्या, आता माझ्याआधी त्यांची पिशवी भरून तयार. पण हे अर्धं तिकीट काळीपिवळीत चालत नाही, अन दिवस कलला की लय वेळा काळीपिवळीच नशिबी येते. तिथं माणशी पैसे वेगळे, पोत्याचे वेगळे, अन सगळ्या सीटा भरल्याशिवाय गाडी हालत नाही.

खरा फरक सामानात आहे. आमचं अंजनगाव पानमळ्यांचं अन पानपिंपळी या औषधी वेलीचं गाव, बाबांचा स्वतःचा पानमळा होता. नागवेलीच्या पानांच्या टोपल्या ओलं फडकं टाकून शकुंतलेत चढवायच्या अन दर्यापूरच्या, म्हणजे बनोसा स्टेशनच्या, बाजाराला न्यायच्या, कोणी काही म्हणत नव्हतं. भाजीचे गाठोडे, दुधाच्या क्यानी, अचलपूरकडचे संत्रे, सगळं त्याच डब्यात माणसांच्या मधे. लहान स्टेशनांवर तिकीट द्यायला माणूस नसला की गार्डच तिकीट देऊन टाकायचा. आज तीच टोपली बसच्या टपावर चढवायला दोन माणसं लागतात अन उन्हात पानं काळी पडतात. बाबांनी मळा मोडला त्याला पाण्याचं, मजुरीचं अशी बाकीचीही कारणं होती, पण माल न्यायची सोय गेली हे त्यातलं एक मोठं कारण, ते स्वतः तसंच सांगतात.

आता ही गाडी गेली कशी यावर थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण स्टँडवर वाट बघताना सगळे एकच बोलतात की गाडी स्लो होती म्हणून बंद पडली. स्लो तं ती पहिल्यापासून होती. मुळात ती माणसांसाठी नव्हतीच, कापसासाठी होती. मोठी लाईन 1867 ला नागपूरपर्यंत पोहोचली पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अंजनगाव इकडचा कापूस बैलगाडीनंच तिथवर न्यावा लागे. मंग मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीनं 1910 मधे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली अन ही लाईन टाकली, पुलगाव-आर्वीची पण त्यांचीच. जिनिंगमधून गाठी निघायच्या, शकुंतलेनं मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई अन मुंबईहून जहाजानं इंग्लंड. इंजिनपण 1921 चं मँचेस्टरमधे बनलेलं, झेडडी म्हणायचे त्याला, 1923 पासून ते 15 एप्रिल 1994 पर्यंत चाललं, मंग डिझेल आलं. सत्तर वर्ष एक वाफेचं इंजिन ओढत राहिलं म्हणजे आपल्या शेडमधल्या माणसांनी ते किती जीव लावून सांभाळलं असेल ते बघा, त्यांचं नाव कोणी घेत नाही.

पण मालकीचा घोळ तिथंच होता. लाईन कंपनीची, गाडी चालवायची जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं करारावर. पुढं 1951 मधे मध्य रेल्वे झाली, देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही लाईन मात्र कंपनीकडंच राहिली अन मध्य रेल्वे ती चालवून कंपनीला उत्पन्नातला वाटा देत राहिली. रूळ दुसऱ्याचे असले की त्यावर मोठा खर्च कोण करणार अन मालकाला घरबसल्या वाटा मिळत असला की तो तरी काहून करणार? माझ्या मते गाडी इथं मेली. बटाईच्या वावरात कोणी विहीर खोदत नाही तसं झालं. त्यात आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते अन उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचे रूळ सारखे सरळ करत राहावं लागते, ते नाही केलं की स्पीड कमी करावा लागते, स्पीड कमी झाला की लोक बसकडं जातात, लोक गेले की उत्पन्न नाही म्हणून खर्च अजून कमी. कापूस तं त्याच्याही आधी ट्रकवर गेला, कारण नॅरोगेजचा माल मूर्तिजापूरला उतरवून परत ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरायचा म्हणजे डबल हमाली, ट्रकवाला जिनिंगच्या दारातून उचलून थेट मुंबईला टाकतो. मंग गाडी कधी बंद कधी चालू असं करत यवतमाळची बाजू आधी थांबली, अचलपूरची नंतर.

रस्त्याचा अनुभव परत सांगते, पावसाळ्यातला. लखपुरीजवळ पूर्णा भरून वाहत असली की पोटात गोळा येते, पुढं खारपाणपट्ट्यातला चिखल, अन एखादा ट्रक आडवा झाला की सगळं ठप्प. उन्हाळ्यात त्रास कमी पण धूळ लय, बाबांना घेऊन मूर्तिजापूरला दाखवायला आणलं तेव्हा दर गचक्याला त्यांचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी शेवटी मी त्यांना आणताना गाडी ठरवून करू लागली, त्यात महिन्याचं बजेट कोलमडलं. आजारी माणसासाठी हा प्रवास मी पाचपैकी एकच देईन, एकट्या धडधाकट बाईसाठी साडेतीन, सामान असेल तं दोन.

कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जाते, छान रस्ता आहे, ज्यांच्याकडं कार आहे त्यांना नागपूर, शिर्डी जवळ झालं. पण आमचं जाणं त्या दिशेनं नाही. तसंच वर्धा-यवतमाळ-नांदेडच्या नव्या ब्रॉडगेजचं, 28 फेब्रुवारी 2024 ला वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, ती लाईन पुढं यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद अशी नांदेडला जाणार आहे. दारव्ह्याला परत शिटी ऐकू येईल याचा मला मनापासून आनंद आहे, माझ्या पोरांना नांदेड-वर्धा जाता येईल. पण कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव या बाजूला ती येत नाही. शकुंतलेची ब्रॉडगेज करायची घोषणा 2016 मधे झाली होती, 1500 कोटींचा आकडा पेपरात वाचला होता, गावात त्या दिवशी पेढे वाटले होते.

दारव्हा-अंजनगाव करणाऱ्यांनी एवढं करा की सकाळची पहिली गाडी पकडा, कारंज्यात जेवायला थांबू नका, औषधं अन पाणी हातातल्या पिशवीत ठेवा, टपावर नाही. अन ब्रॉडगेजच्या मागणीचं निवेदन घेऊन कोणी दारात आलं तं सही करताना त्यात एक ओळ टाकायला सांगा, की नुसत्या एक्सप्रेस नको, लखपुरी, कापूसतळणी, पथ्रोट असे जुने थांबे ठेवणारी पॅसेंजर पाहिजे, अन तिला एक डबा मालाचा पाहिजे. मी ज्या ज्या कागदावर सही केली त्यावर हे हातानं लिहून दिलं आहे.