भवानी मंडप ते दसरा चौक, शाळांचा हेरिटेज वॉक : 250 रुपये वसूल झाले का?

आधीच सांगतो, माणशी 250 घेतात, मी आणि पोरगी मिळून 500 गेले, आणि कोल्हापुरात राहून कोल्हापूर बघायला पैसे मोजले म्हणून घरातनं जे ऐकून घ्यायला लागलं ते वेगळंच. चालवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी पण आहेत आणि पोरं नवी आहेत, विशी-पंचविशीतली, धंदा बसायच्या आत कशाला कुणाच्या पोटावर पाय द्या.

रविवारी सकाळी सातला भवानी मंडपात कमानीपाशी जमा असा मेसेज होता. आम्ही पावणेसातला हजर, गाईड आला साडेसातला. तोवर अंबाबाईला आलेल्या पावण्यांच्या गाड्या लागायला सुरवात झालेली, आणि त्या हॉर्नमधनं माइक नाही काही नाही नुसतं तोंडानं बोलायचं म्हणजे पहिला अर्धा तास पुढच्या चौघांनाच काय ते ऐकू गेलं असेल. गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर मिळतोय की, घ्या बाबांनो एक.

सुरवात मेन राजाराम हायस्कूलपासनं. ही काळ्या दगडाची इमारत आपण आयुष्यभर बघतो, पण बघतो कसं तर गाडी कुठं लागेल या नजरेनं. रविवार म्हणून आत जाता आलं नाही, मग रविवार ठेवलाच कशाला हा माझा प्रश्न. बाहेरनंच कमानी आणि खिडक्या दाखवण्यात वीस मिनिटं गेली, ज्यांना बांधकामाची आवड आहे ते फोटो काढत होते, मी चहाची गाडी शोधत होतो.

पण नावाची गोष्ट निघाली तेव्हा पोरगी पण मोबाईल खिशात घालून ऐकायला लागली. ती नववीत आहे, तिला वाटायचं राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव. मला चाळिशी उलटली तरी वाटत होतं शाहू महाराजांचे चिरंजीव. दोन्ही नव्हे. हे राजाराम महाराज म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरचे, विलायत बघून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला 30 नोव्हेंबर 1870 ला वारले ते, वय फक्त वीस. तिथंच दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला आणि त्यांची छत्री आजपण तिथल्या बागेत उभी आहे. प्रवासात इंग्रजीत डायरी लिहायचे, ती 1872 ला छापून आली. वीस वर्षांचा पोरगा, घरापासनं एवढ्या लांब, आणि आपण त्याच्या नावाच्या शाळेसमोर पार्किंगसाठी भांडतोय. गाईडनं हे चांगलं सांगितलं, घाई केली नाही.

त्यानंतर मात्र गडबड केली. इथली इंग्रजी शाळा 1851 ची, न्यायमूर्ती रानडे लहानपणी त्या शाळेत होते, पुढं 1880 ला हायस्कूलवर कॉलेजचा मजला चढला म्हणजे राजाराम कॉलेज निघालं, इथवर बरोबर. मग म्हणतोय गोपाळ कृष्ण गोखले पण शाहू महाराजांच्या काळात इथं शिकले. आमच्यात एक रिटायर्ड मास्तर होते, गप बसतील तर मास्तर कसले, म्हणाले, ‘बाळ, गोखले 1881 ला मॅट्रिक झाले, महाराजांचा राज्याभिषेक 1894 चा, मग महाराज सात वर्षांचे असताना गोखल्यांची फी भरत होते काय रे?’ सगळे हसले, गाईडचं तोंड उतरलं, मला वाईट पण वाटलं. गोखले कागलला शिकून मग इथं आले हे त्यानं सांगितलं असतं तरी कागलकडच्या दोघांची कॉलर ताठ झाली असती. पण तारखांचा कागद हातात ठेवायला काय लाज? वहीत बघून सांगा, आम्हाला चालतंय.

कॉलेज नंतर सागरमाळाकडं विद्यापीठाजवळ गेलं आणि हायस्कूल मंडपातच राहिलं, हे दोन वाक्यात उरकलं. 1919 ला महाराजांनी हायस्कूल आणि कॉलेज दोन्ही आर्य समाजाकडं चालवायला दिलं ते तर जाता जाता. एवढी मोठी भानगड एका ओळीत? जाऊदे.

भाऊसिंगजी रोडनं माळकर तिकटी, सीपीआर दवाखाना करत दसरा चौकात आलो, पंधरा-वीस मिनिटं लागली, ऊन चढलेलं, दोन काकू वाटेतच रिक्षात बसल्या. आणि इथं या पोरांनी खरी मजा आणली. माझे पैसे वसूल झाले ते इथं, शाळेच्या दारात नव्हे.

दसरा चौकातनं आपण रोज जातो, शाहू महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालतो, आजूबाजूला जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग अशा पाट्या असतात, आणि आपल्याला वाटतं असतील कुठल्या तरी समाजाच्या इमारती, हॉल भाड्यानं देत असतील. गाईडनं सगळ्यांना सावलीत बसवलं आणि विचारलं, समजा तुम्ही 1895 साली राधानगरीकडचं कुणब्याचं पोरगं आहात, राजाराम हायस्कूलला नाव घातलंय, तर रात्री झोपणार कुठं? कुणी बोलंना. बरोबर आहे, कारण शाळा म्हटलं की आपल्या डोक्यात बाक, फळा, घंटा येते, जेवायचं काय आणि झोपायचं कुठं हे येतच नाही. त्या काळात जात विचारल्याशिवाय खोली मिळत नव्हती, खाणावळ तर लांबच. म्हणजे शाळेचं दार उघडं असून पोरगं वेशीबाहेरच.

महाराज गादीवर आले तेव्हा दरबारात 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते, हा आकडा पुष्कळांनी ऐकलेला असतो. पण 26 जुलै 1902 चा मागासलेल्यांना पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढून नोकऱ्या द्यायच्या म्हटलं तरी द्यायच्या कुणाला, शिकलेली पोरं तर पाहिजेत, आणि शिकायचं तर शहरात राहायची सोय पाहिजे. ती आधी करून ठेवलीवती. 1896 ला सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं, ते चाललं नाही, शेवटी एकाच जातीची पोरं उरली. मग 1901 पासनं ज्या त्या समाजाला जागा देऊन, देणगी देऊन वेगवेगळी बोर्डिंगं. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग 1901, मुस्लिम 1906, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क 1908. आता कुणी म्हणेल जातीजातीची का काढली, मलाही तेच वाटायचं, पण आधी एकत्र काढून बघितलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यात जैन बोर्डिंगमधला एक मुलगा राजाराम हायस्कूलला होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला आणि आल्यावर अंघोळ करायला नाही म्हणाला, म्हणून त्याला बोर्डिंगातनं काढलं. महाराजांनी त्याला वाड्यावर आसरा दिला. मॅट्रिकपर्यंत काय त्याची गाडी पोचली नाही, पण 1919 ला त्यानं कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव पाटील. हे मला तुकड्यातुकड्यात माहीत होतं, पण त्याच फुटपाथवर उभं राहून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आणि रयतच्या कामात वसतिगृह एवढं महत्त्वाचं का, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं. जेवणाखाण्याचा आणि अंथरुणाचा प्रश्न त्यांनी स्वतः भोगला होता.

1917 चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा पण आला, पोरगं शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. मास्तर परत बोलले, आता बघा जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत ॲडमिशनसाठी पालक रात्रीपासनं रांगा लावतात, दंड कुणाला करायचा? सगळ्यात भारी वाक्य मास्तरांचंच. पुढच्या वेळी त्यांनाच गाईड करा, मानधन द्या.

माझे वडील अशाच एका बोर्डिंगमध्ये राहून शिकलेत. पत्र्याची ट्रंक, त्यात आईनं दिलेली चटणी, आणि शनिवारी गावाकडं जाणाऱ्या एसटीची वाट, एवढंच ते कायम सांगत आलेत, आणि आम्ही कायम झालं यांचं सुरू म्हणून उठत आलोय. पोरीनं तिथंच फोन लावला, ‘आबा, तुमची खोली कुठल्या बाजूला होती ओ?’ ते दहा मिनिटं बोलत होते, फोन स्पीकरवर, सगळा ग्रुप ऐकत होता, गाईडनं पण अडवलं नाही. याचं क्रेडिट त्याला देतो.

शेवटी मिसळ तिकिटात आहे असं सांगितलेलं. आहे, पण एक प्लेट, जादा रस्सा मागितला तर वेटर वर बघंना आणि पाव दोनच. कोल्हापुरात रस्सा मोजून? अर्धा स्टार इथं गेला.

टोटल 5 पैकी साडेतीन. टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन जावा, चप्पल घालू नका, गुडघे दुखणारं कुणी असेल तर त्यांना थेट दसरा चौकातच बोलवा, मंडपातलं चुकलं तरी चालतंय. आबांना पुढच्या महिन्यात तसंच नेणार आहे, फक्त पैसे अर्धे घ्या म्हणून त्या पोराला मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही.