वायफाय डोंगल, आठ महिन्यांनंतर: नेट जोडलं की कॉम्प्युटर रिस्टार्ट

जूनमध्ये घेतलेल्या यूएसबी वायफाय डोंगलबद्दल लिहितेय. चारशेच्या आतबाहेर किंमत. कंपनीचं नाव देत नाही. दुकानात दहा नावांनी असलेच डोंगल मिळतात, सोबत बोटभर सीडी.

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढं. राउटर खालच्या खोलीत, माझं टेबल वर, मधे जुन्या बांधकामाची जाड भिंत. चार-पाच टॉवेल कारखानदारांचे टॅलीतले हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न मी घरातूनच करते. वायर ओढायला भिंत फोडावी लागणार होती, म्हणून डोंगल. वर 35-40 एमबीपीएस मिळायचे. जीएसटीच्या पोर्टलला त्याहून जास्त काय लागतं? पोर्टल स्लो असलं की राजवाड्यातलं नेट आणलं तरी ते स्लोच. डोंगल हाताला गरम लागायचा, पण दिवाळीपर्यंत एक तक्रार नव्हती.

दिवाळीनंतर नेटवाल्याचा माणूस जुना राउटर काढून नवा बसवून गेला. त्याच संध्याकाळी वायफायच्या नावावर क्लिक केलं, पासवर्ड टाकला, आणि स्क्रीन क्षणभर निळी होऊन कॉम्प्युटर रिस्टार्ट. परत चालू केला, नेट जोडलं, परत तेच. डोंगल काढून ठेवला तर टॅली दिवसभर चालायची, माउससुद्धा अडकायचा नाही.

पहिला संशय अर्थातच लाईटवर. आसपास मागांची खटखट, दुपारी व्होल्टेज खालीवर होतंच. 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा होता, म्हणून फार विचार न करता सीपीयू उचलून नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं झाकण उघडल्यावर कापसाच्या तंतूंची चक्क गादी निघाली. मागांजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून दोनदा तरी ब्लोअर मारून घ्यावा. पंखा साफ केला, रॅम खोडरबरनं घासली, मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल ओळीवर बोट ठेवलं. ‘कर्नल-पॉवर 41’.

“वहिनी, हे बघा, पॉवर लिहिलंय. एसएमपीएस गेलाय.”

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा. नव्याचे 1,400 रुपये दिले. घरी येऊन नेट जोडलं, रिस्टार्ट. मग म्हणाला विंडोज मारू. 500 रुपये. फॉरमॅट झाल्यावर त्यानंच त्या बोटभर सीडीतून ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून दिला. घरी आल्यावर पुन्हा तेच! तिसऱ्या खेपेला म्हणाला, ऑक्टोबरात विंडोज 10 चा सपोर्ट संपलाय, म्हणून होतंय, नवा कॉम्प्युटर घ्या. सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं. पण सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं. त्यानं मशीन वायफाय बघून बंद पडत नाही. त्या दिवशी सीपीयू घेऊन सरळ घरी आले आणि 11 तारखेचे रिटर्न मोबाईलचं नेट केबलनं जोडून भरले. केबलवर एकदाही रिस्टार्ट झाला नाही. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामी, निळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय?”

“वाचू कधी? दिसते न दिसते तोवर जाते.”

“मग आधी तिला थांबवा.”

ते असं: धिस पीसीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज. तिथं ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’पुढची खूण काढायची. विंडोज कोसळली की आपणहून पुन्हा सुरू होते ती या खुणेमुळं, आणि वाचायची ओळ त्यातच निघून जाते. खूण काढली, नेट जोडलं, निळी स्क्रीन आली आणि थांबली. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, खाली ‘व्हॉट फेल्ड’ आणि एका फाईलचं नाव. फाईल डोंगलच्याच ड्रायव्हरची.

भाच्यानं समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. टॅली बंद पडली तर फक्त टॅली बंद पडते. ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात चालतो. त्यानं नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला की विंडोज मुद्दामच सगळं थांबवते, पुढं डेटा खराब होऊ नये म्हणून. आणि ते ‘41’ म्हणजे एवढंच, की कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद झाला. त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ असतो. माझ्याकडं तो 209 होता. निळ्या स्क्रीनच्या या चुकीचा क्रमांक डी1, आणि साध्या आकड्यात डी1 म्हणजेच 209. तिथं शून्य असतं तर लाईट, एसएमपीएस यांच्यावर संशय घ्यायला जागा होती. 1,400 रुपयांचं उत्तर त्याच खिडकीत होतं, दुसऱ्या टॅबवर.

तरी मनात राहिलं, की पोर्टमधून करंट कमी पडत असेल तर? यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, पुढच्या पोर्टची आतली वायर सैल असली तर घोळ होऊ शकतो. म्हणून तोच डोंगल, तोच पोर्ट ठेवून मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडला. तासभर चालला. म्हणजे करंटचा प्रश्न नाही, भांडण नव्या राउटरशी. राउटरच्या पानावर, 192.168.1.1 वर, सिक्युरिटी ‘डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3 मिक्स्ड’ होती, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत दोन्ही चालू. नुसती डब्ल्यूपीए2 केली, रिस्टार्ट बंद. परत मिक्स्ड केली, निळी स्क्रीन. दोनदा करून बघितलं.

मग कायमचा इलाज केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगल अनइन्स्टॉल, तेव्हा ‘डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर’वर खूण करायची, नाहीतर जुनाच ड्रायव्हर परत येऊन बसतो. सीडीतून आलेलं कंपनीचं सॉफ्टवेअरही काढलं. डोंगल उपसून रिस्टार्ट, मोबाईलचं नेट केबलनं दिलं, डोंगल लावला आणि विंडोज अपडेटला स्वतः ड्रायव्हर शोधू दिला. आलेल्या ड्रायव्हरची तारीख सीडीतल्यापेक्षा पाच वर्षांनी नवी होती. राउटर पुन्हा मिक्स्डवर ठेवला. 20 तारखेचे जीएसटीआर-3बी रिटर्न याच डोंगलवरून गेले.

त्यानंतर एकदाही रिस्टार्ट नाही. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, पाहुणे आले, आठ मोबाईल राउटरला लटकले, तेव्हा स्पीड पार झोपला, पण कॉम्प्युटर उभा होता. डोंगलला पाचपैकी तीन देते. एक गुण गरम होण्याचा कापला, एक सीडीचा. जुना एसएमपीएस चांगलाच आहे, कपाटात पडलाय. दुकानदार नवा परत घेत नाही. सीडी सासूबाईंनी गॅलरीत दोऱ्यानं टांगलीय, कबुतरं यायची थांबलीत.