बाटली हलवलीत का? तिरळेपणाच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप, तीन महिन्यांनी

प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, म्हणजे स्टेरॉइडचे डोळ्यांत टाकायचे थेंब, ५ मिलीची बाटली. ऑपरेशनमध्ये डोळ्याचा जो स्नायू हलवतात, त्या जागी सूज आणि व्रण (जखम भरल्यावर राहणारी खूण) कमी राहावा म्हणून देतात. पहिल्या दहा दिवसांत माझं मत साफ वाईट होतं: लाली तशीच, पैसे पाण्यात. मग लक्षात आलं, थेंब पाण्यासारखा नितळ पडतोय. बाटली जोरात दहा-पंधरा वेळा हलवली, तर दुधाळ पडला. औषध त्या पांढऱ्या कणांत असतं आणि ते तळाशी बसतं. न हलवता टाकलं तर डोळ्यात औषध फार कमी जातं. ‘हलवून वापरा’ हे वाक्य लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरांत का? झाकणावर ठळक छापायला हवं.

एका वेळी एकच थेंब. डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं, थेंबच ३० ते ५० चा असतो. दुसरा गालावर जातो. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी, मलम सगळ्यांत शेवटी.

हिशेब: आठवड्यागणिक ४, ३, २, १ वेळा असा उतरता डोस असेल तर एका डोळ्याला ७० थेंब. बाटलीत साधारण १०० निघतात. दोन्ही डोळ्यांना १४० लागतात, म्हणजे दुसरी बाटली आधीच आणून ठेवा. मध्येच औषध तुटलं की सूज उलटते.

तरी ड्रॉपकडून अपेक्षा माफक ठेवा. स्नायूने डोळ्याच्या पांढऱ्या भागाला घट्ट धरायला थोडा व्रण लागतोच. तो ताणला गेला तर डोळा पुन्हा सरकतो. एकदा जमलेला व्रण थेंबांनी विरघळत नाही. ऑपरेशनमध्ये स्नायूभोवतीचं आवरण फाटून मागची चरबी पुढे आली, तर ती चिकटून डोळ्याची हालचाल अडते. तिथे ड्रॉप काय करणार? दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनात चिकटलेपणा जास्त असतो, कारण पहिल्या ऑपरेशनचा व्रण तिथे आधीच असतो. नाकाकडची लाली मात्र सहा ते बारा आठवडे रेंगाळते, तिला घाबरू नका. डोळा चोळणं आणि पोहणं बंद.

दोन आठवड्यांपुढे ड्रॉप चालू असतील तर डोळ्याचं प्रेशर तपासून घ्याच, लहान मुलांचं तर नक्की. टाक्याजवळ लाल गाठ आली तर खुडू नका, दाखवा. नजर कमी झाली, ठणका वाढला, पू आला किंवा डोळा अचानक एका बाजूला वळेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उघडल्यापासून २८ दिवसांनी उरलेली बाटली फेकून द्या. जीव तुटतो, पण पुढच्या वेळी घरात कुणाचा डोळा लाल झाला आणि तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा निघाला, तर हाच थेंब बुबुळावरची जखम वाढवतो.