इझुनुमा-उचिनुमा: मुक्काम करणार असाल तरच जा

जपानच्या मियागी प्रांतात, कुरिहारा आणि तोमे या दोन शहरांच्या हद्दीवर, भातशेतीच्या मधोमध इझुनुमा आणि उचिनुमा हे दोन उथळ तलाव आहेत. दोन्ही मिळून 559 हेक्टर क्षेत्र 1985 साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. कुशिरो पाणथळीनंतरचं जपानमधलं हे दुसरं रामसर स्थळ. हिवाळ्यात रशियाच्या अतिपूर्वेकडच्या चुकोत्का भागातून इथे कादंब (इंग्रजीत गूज) येतात. त्यातले बहुतेक पांढऱ्या कपाळाचे कादंब, म्हणजे जपानी भाषेत ‘मागान’. 1970 च्या आसपास अख्ख्या जपानात हे पक्षी जेमतेम पाच-सहा हजार उरले होते. शिकारीवर बंदी आली, 1971 मध्ये त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला आणि आज संख्या लाखाच्या पुढे गेली आहे. यातले फार मोठ्या संख्येने याच टापूत थंडी काढतात.

या जागेचं खरं मोल दिवसातल्या दोन अर्ध्या तासांत आहे: सूर्योदयाआधीचा आणि सूर्यास्तानंतरचा. सकाळी अकराला पोहोचून दुपारी तीनला परतलात, तर काही हंस, बरीच बदकं आणि मातकट पाणी एवढंच दिसेल आणि जागा उगीच गाजवलेली वाटेल. कारण साधं आहे. कादंब रात्री उथळ पाण्यात झोपतात, तिथे कोल्हा पोहोचत नाही. उजाडलं की सगळे आसपासच्या कापणी झालेल्या शेतांत सांडलेलं भात टिपायला जातात आणि अंधार पडताना परततात. दिवसा तलावावर थांबण्याचं त्यांना कारणच नसतं.

पहाटेच्या उड्डाणाला ‘तोबिताची’ म्हणतात. ते सूर्योदयाच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं आणि लाटांनी होतं: आधी कुरबुर वाढते, मग एका टोकाकडून हजारो पक्षी एकदम उठतात, पाच-दहा मिनिटं शांतता, मग दुसरी लाट. पहिल्या लाटेनंतर झालं समजून निघणारे बरेच असतात, तसं करू नका. ढगाळ किंवा धुक्याच्या दिवशी सगळंच उशिरा होतं. इथे सूर्योदय नोव्हेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, डिसेंबरच्या मध्यावर पावणेसातला, तर जानेवारीत सातला पाच-सात मिनिटं कमी असताना होतो. त्याच्या पाऊण तास आधी जागेवर उभं असायला हवं. पंखांचा आवाज आधी कानांना कळतो आणि मग छातीत जाणवतो. जपानच्या पर्यावरण खात्याने 1996 मध्ये निवडलेल्या देशातल्या शंभर जपण्याजोग्या आवाजांत इथल्या कादंबांचा आवाज आहे, आणि तो मान पूर्णपणे योग्य आहे.

उभं कुठे राहायचं, हे आदल्या दुपारी ठरवा. झोपण्याची जागा, म्हणजे ‘नेगुरा’, रोज तीच नसते. जानेवारीत तलावाचा काही भाग गोठतो आणि पक्षी मोकळ्या पाण्याकडे सरकतात. वाकायानागी भागातलं प्रांतिक अभयारण्य केंद्र, ज्याला पक्षी-दालन म्हणतात, तिथे दुपारी तीनपर्यंत पोहोचून कर्मचाऱ्यांना नकाशा दाखवत ‘नेगुरा?’ एवढं विचारलं तरी ते बोटाने जागा दाखवतात. प्रवेश मोफत, वेळ सकाळी 9 ते दुपारी 4.30, सोमवारी बंद. माहितीफलक बहुतेक जपानीतच आहेत, तेव्हा फोनवर भाषांतराची सोय ठेवा. परदेशी पाहुण्यांच्या दृष्टीने ही इथली सर्वांत मोठी उणीव.

तलावाच्या पश्चिमेला उभे राहिलात तर तांबड्या आकाशावर काळ्या आकृत्या मिळतात. पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं तर 1626 मीटर उंचीच्या बर्फाळ कुरिकोमा डोंगरावर पहिलं ऊन पडताना दिसतं. संध्याकाळी मात्र पूर्व किनारा निःसंशय सरस, कारण डोंगरामागच्या लाल पट्ट्यातून थवे परत येतात. उतरताना अनेक पक्षी अंग तिरपं करून, जवळजवळ उलटे होत, झपकन उंची कमी करतात. डिसेंबरमध्ये सूर्य सव्वाचारलाच मावळतो आणि त्यानंतर अर्धा तास तरी थवे येत राहतात.

फोटो काढणाऱ्यांनी मोठ्या लेन्सचा मोह आवरावा. उड्डाणासाठी 70-200 मिमीची लेन्स पुरते, कित्येकदा 24-70 सुद्धा. प्रकाश इतका कमी असतो की आयएसओ 3200 च्या खाली गेलं तर पंख पुसट येतात. जास्तीची बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा, थंडीत ती फार लवकर उतरते. तापमान उणे 5 च्या आसपास जातं, वर वाऱ्याला कुठेही आडोसा नाही. तापणाऱ्या ‘काइरो’ पुड्या कोणत्याही कोन्बिनीत, म्हणजे किरकोळ वस्तूंच्या छोट्या दुकानात मिळतात. दुर्बीण 8 पटीची उत्तम. फ्लॅश बंद, गाडीचे दिवे बंद.

दिवसभर काय करायचं? शेतांकडे जा, पण गाडीतच बसून बघा. कादंब गाडीला फारसे बिचकत नाहीत. दार उघडून माणूस उतरला की शे-दीडशे मीटरवरचा थवाही उठतो. उठलेल्या थव्याची शक्ती वाया जाते आणि चरण्याचा वेळ बुडतो. बांधांवर गाडी घालू नका, ते खासगी शेत आहे. थव्यात नारिंगी पाय, चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा आणि पोटावर काळे आडवे डाग म्हणजे प्रौढ मागान. पहिल्या वर्षाच्या पिल्लांना पट्टाही नसतो आणि डागही नसतात, त्यामुळे ती वेगळी जात वाटते. डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला लहानखुरा पक्षी दिसला तर नीट बघा, तो दुर्मीळ कारिगाने, म्हणजे पांढऱ्या कपाळाचा छोटा कादंब असू शकतो. तलावावर दुपारी अचानक सगळी बदकं उडाली तर आकाशात पांढऱ्या शेपटीचा समुद्र-गरुड शोधा. पाव-बिस्किटं मात्र कोणत्याही पक्ष्याला घालू नका. खाण्यासाठी पक्षी एका जागी दाटले की बर्ड फ्लू पसरण्याचा धोका वाढतो.

तोमे बाजूचं गोड्या पाण्यातल्या माशांचं दालन लहान आहे, पण चुकवू नये. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून इथे लार्जमाउथ बास हा परका मासा वाढला आणि स्थानिक छोटे मासे झपाट्याने घटले. उपाय म्हणून खडी भरलेल्या ट्रेची कृत्रिम घरटी पाण्यात ठेवतात. बास त्यात अंडी घालतो, आणि ती फुटण्याआधी ट्रे उचलतात. अनेक वर्षांच्या या चिकाटीनंतर झेनितानागो हा नाहीसा झालेला छोटा मासा इथे पुन्हा सापडला. बाहेरून आणलेल्या माशांनी आपल्याकडच्या तलावांचं काय केलं, हे माहीत असणाऱ्याला ही पद्धत लक्ष देऊन बघावीशी वाटेल. उचिनुमाकडचं कीटक-दालन हिवाळ्यात सोडलं तरी चालेल.

उन्हाळ्यात जागा पूर्ण बदलते. 20 जुलै ते 31 ऑगस्ट कमळ महोत्सव असतो, छोट्या बोटी साधारण अर्धा तास कमळांमधून फिरवतात. सकाळी नऊ-दहाच्या आत बसा, दुपारपर्यंत फुलं मिटतात. देखणंच आहे, पण हीच कमळं तलावाची अडचणही आहेत. ती पसरली की पानांखाली उजेड आणि प्राणवायू कमी होतो, कुजलेला पाला तळाशी साचतो, म्हणून दरवर्षी ती कापावी लागतात. पाण्याच्या प्रतीत हा तलाव जपानमधल्या सर्वांत वाईट तलावांत अनेकदा मोजला गेला आहे. एकच फेरी परवडणार असेल तर ती नोव्हेंबर ते जानेवारीत करा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर थवे उत्तरेकडे निघतात.

पोहोचायला टोकियोहून तोहोकू शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने कुरिकोमा-कोगेन स्टेशन. यामाबिको गाडीने सव्वादोन ते अडीच तास, जास्त जलद हायाबुसा गाड्यांपैकी मोजक्याच तिथे थांबतात. तिथून टॅक्सी. पहाटेची टॅक्सी आदल्या संध्याकाळी हॉटेलातून सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. दुसरा मार्ग सेन्दाईहून कोगोता इथे बदलून नित्ता स्टेशन, तिथून मासे-दालन चालण्याच्या अंतरावर आहे. पण गाड्या तासा-दोन तासांनी, आणि सेन्दाईहून पहिली गाडी हिवाळ्यातल्या उड्डाणाला पोहोचवत नाही. म्हणूनच मुक्काम कुरिकोमा-कोगेनजवळच हवा. सर्वांत सोयीची भाड्याची गाडी. आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, वाहतूकही डावीकडूनच. मात्र डिसेंबर ते मार्च बर्फाचे टायर आहेत ना, हे गाडी घेतानाच विचारा.

खाण्यात तोमेची ‘आबुराफू-दोन’ प्रसिद्ध आहे: तळलेलं गव्हाचं ग्लूटेन, अंडं आणि भात. दिसायला शाकाहारी, पण रस्सा बहुधा माशाच्या दाशीचा, म्हणजे अर्काचा असतो. ‘हात्तो’ या कणकेच्या चकत्यांच्या सुपाचंही तेच. कडक शाकाहारींनी झुन्दा-मोची घ्यावी. वाटलेल्या हिरव्या सोयाबीनच्या दाण्यांत साखर आणि मीठ, आत तांदळाचा मऊ गोळा. पहाटेसाठी ओनिगिरी (भाताचे गोळे) आदल्या रात्रीच कोन्बिनीतून घेऊन ठेवा, ‘उमे’ (खारवलेलं आंबट फळ) लिहिलेली निवडा आणि मागची घटकांची यादी तपासा. तलावाकाठी सहा वाजता उघडं दुकान नाही.